आर मध्ये टेबलला नवीन कॉलम जोडायचाय? आधी ओळी मोजा

आर (R) या प्रोग्रामिंग भाषेत डेटा फ्रेमला, म्हणजे तिथल्या टेबलला, कॉलम जोडणं हे एका ओळीचं काम आहे, फक्त ते चुकतं तेव्हाही बऱ्याचदा गुपचूप चुकतं, म्हणून पद्धत सांगता सांगता कुठे फसायला होतं तेही सांगते.

समजा टेबलचं नाव गुण, त्यात लेखी आणि तोंडी असे दोन कॉलम आहेत आणि बेरजेचा तिसरा हवाय, तर

गुण$एकूण <- गुण$लेखी + गुण$तोंडी

झालं काम. (नावं वाचायला सोपी म्हणून अशी लिहिलीत, तुमची जी असतील ती टाका.) डॉलरपुढचं नाव आधी नसेल तर नवा कॉलम शेवटी लागतो, असेल तर जुन्यावर सरळ लिहून मोकळं होतं, विचारत वगैरे नाही. लेखी किंवा तोंडी कुठेही एनए (NA, म्हणजे आकडाच नाही) असेल तर बेरीजही एनएच येणार. कॉलम नकोसा झाला तर त्याला नल (NULL) द्या, गेला.

आता खरी मेख. गुण$वर्ष <- 2024 असं एकच व्हॅल्यू दिलं तर ते सगळ्या ओळींत भरतं, तेच हवं असतं आपल्याला. पण 6 ओळींच्या टेबलला 3 व्हॅल्यू दिले तर आर तेच 3 परत लावून 6 करतं आणि चकार शब्द काढत नाही!! 4 दिले तर मात्र एरर, कारण 6 ला 4 ने भाग जात नाही. मला विचाराल तर एरर परवडली, मी एकदा बरोब्बर निम्म्या ओळींची यादी चिकटवली होती आणि ग्राफ काढेपर्यंत कळलंच नाही की खालचा अर्धा भाग वरच्याचीच कॉपी आहे. डीप्लायर (dplyr) या पॅकेजचं कॉलम बनवणारं फंक्शन म्यूटेट (mutate) याबाबत कडक आहे, एक व्हॅल्यू द्या नाहीतर ओळींइतके द्या, मधलं काही चालत नाही. शिवाय आत्ताच बनवलेला कॉलम त्याच म्यूटेटमध्ये पुढे वापरता येतो, म्हणजे एकूण काढलं की लगेच टक्के. फक्त उत्तर बाणाने परत टेबलात ठेवा, नाहीतर स्क्रीनवर दिसतं आणि टेबल जसंच्या तसं.

कॉलम दुसऱ्या टेबलातून आणायचा असेल तर सीबाइंड (cbind) फंक्शनच्या मोहात पडू नका, ते नुसतं शेजारी चिकटवतं, कोणती ओळ कोणाची हे बघत नाही, एक टेबल वेगळ्या क्रमाने सॉर्ट केलेलं असेल तर एकाचे गुण दुसऱ्याला. त्याऐवजी रोल नंबरसारखा कॉमन कॉलम धरून मर्ज (merge) करा. मर्ज न जुळलेल्या ओळी टाकून देतं, पहिल्या टेबलातल्या तशा ओळी ठेवायच्या तर ऑल डॉट एक्स ट्रू (all.x = TRUE) करा. आणि दुसऱ्या टेबलात तोच रोल नंबर दोनदा असेल तर तुमच्या ओळी वाढतात, म्हणून मर्जच्या आधी आणि नंतर ओळी मोजणारं एनरो (nrow) चालवून बघाच.