लायब्ररी अपडेट केली आणि बिल्ड फुटला? आधी सी++ चं स्टँडर्ड (भाषेची आवृत्ती) बघा

नाशिकात सातपूर-अंबडला मशीन मॉनिटरिंगची सॉफ्टवेअरं करणाऱ्या पोरांसाठी खास, कारण तिकडे अजून बऱ्याच ठिकाणी उबुंटू २०.०४ चालू असतं आणि त्यातला जीसीसी ९ हा कंपायलर न सांगता सी++१४ च धरतो, सी++१७ डिफॉल्ट झालं ते जीसीसी ११ पासून. आता आयसीयू (युनिकोड मजकुराची लायब्ररी) ७५ ला सी++१७ लागतं, गूगलटेस्ट (टेस्टिंगची लायब्ररी) १.१७ लाही तेच. म्हणजे आपला कोड तोच, पण शेअर्ड लायब्ररी नवी आली की तिच्या हेडरमधून (आपल्या कोडमध्ये ओढल्या जाणाऱ्या फाइलमधून) शंभर एरर येतात. घाबरू नका, फक्त पहिली एरर वाचा, "स्ट्रिंग व्ह्यू सापडत नाही" असलं काही दिसलं की समजायचं, आपलं स्टँडर्ड जुनं पडतंय.

लायब्ररीचं हेडर एडिट करू नका प्लीज, पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जातं. सीमेक या बिल्डच्या टूलमध्ये स्टँडर्ड १७ करा, रिक्वायर्डही ऑन ठेवा, नाहीतर कंपायलर जुना असला तर स्टँडर्ड गुपचूप खाली उतरतं. जुन्या मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांची फाइल) कुठेतरी सी++११ चा फ्लॅग (कंपायलरला दिलेला पर्याय) हाताने लिहिलेला असतो, तो शोधून काढाच, कारण शेवटी येणारा फ्लॅग जिंकतो.

आणि अर्धा प्रोजेक्ट १४ वर, अर्धा १७ वर असं अजिबात नको, गूगलच्या ॲबसेलसारख्या लायब्ररीत स्टँडर्डप्रमाणे टाइपच बदलू शकतो, मग लिंक करताना रडायची वेळ येते. १७ वर गेल्यावर जुन्या कोडमधले ऑटो पॉइंटर, रँडम शफल, रजिस्टर हे सी++१७ मधून काढलेले प्रकार बदलावे लागतील, ते आधी उरका. आजच वेळ नसेल तर लायब्ररीचं जुनं व्हर्जन पिन करून (पक्कं धरून) ठेवा.