नवजात बाळासाठी बेडसाइड क्रिब कशी निवडावी

दर दोन-तीन तासांनी दुधासाठी उठणारं बाळ आणि पोटावर ताजे टाके असलेली आई, या दोघांना हाताच्या अंतरावर पण वेगवेगळ्या अंथरुणांवर झोपता यावं म्हणून बेडसाइड क्रिब. तिच्या तीन बाजू उंच असतात. चौथी खाली घेता येते आणि त्या बाजूने क्रिब पलंगाला टेकवून पट्ट्यांनी आवळून बांधायची असते. आईला वाकावं लागत नाही आणि बाळ मोठ्यांच्या उशा-पांघरुणांपासून लांब राहतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ मध्ये सुधारलेला सल्लाही हाच आहे: निदान पहिले सहा महिने बाळाने आईवडिलांच्या खोलीत झोपावं, पण स्वतःच्या वेगळ्या जागी, पाठीवर, सपाट आणि टणक गादीवर.

दुकानात आपल्याला झालर, चाकं, रंग आणि वाजणारी खेळणी दाखवतात. बाळाचा जीव मात्र गादी, फट आणि बांधणी या तीन गोष्टींवर अवलंबून असतो. त्यातल्या फट आणि बांधणी या दोन तुमच्या पलंगावर ठरतात. म्हणून खरेदीची सुरुवात घरातून करा, शक्यतो सातव्या-आठव्या महिन्यात, पळापळ सुरू होण्याआधी.

१. आधी पलंग मोजा

टेप घेऊन जमिनीपासून गादीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची मोजा. मोजताना कुणाला तरी गादीच्या कडेला बसवा, कारण माणूस बसल्यावर गादी दबते आणि रात्री खरी उंची तीच असते. दोन्ही आकडे लिहून ठेवा. क्रिबची खाली घेतलेली बाजू मोठ्यांच्या गादीच्या पातळीत किंवा किंचित वर यायला हवी. मोठ्यांची गादी त्या काठाच्या वर आली, तर झोपेत सरकणारी चादर, उशी किंवा तुमचा हात थेट बाळावर येतो.

आता पलंगाच्या खाली बघा. आपल्याकडची मोठी अडचण इथेच आहे. बऱ्याचशा बेडसाइड क्रिबचे पाय पलंगाखाली सरकवायचे असतात, त्यावरच तिचा तोल असतो. शहरातल्या पुष्कळ घरांत आता सामान ठेवायचे बॉक्सचे पलंग दिसतात आणि ते थेट जमिनीपर्यंत बंद असतात. तिथे पाय आत जातच नाहीत, क्रिब काही इंच लांब उभी राहते आणि मधे तयार होते ती जीवघेणी फट. काही बॉक्स पलंगांना गादीभोवती लाकडी कठडाही असतो. मग क्रिबची कड गादीला न टेकता लाकडाला टेकते आणि गादी व क्रिब यांच्यामध्ये खाच राहते.

तुमचा पलंग असा असेल तर पाय दुमडता येणारी किंवा सरळ पायांची क्रिब शोधा आणि विकत घेण्याआधी ती पलंगाला नीट टेकते का, हे मोजमापाने पक्कं करा. जमत नसेल तर हट्ट सोडा. चारही बाजू उंच असलेली साधी लहान क्रिब पलंगाशेजारी ठेवा. आईला बाळ उचलून घ्यावं लागेल एवढंच. पलंगाला नीट न बसणाऱ्या महागड्या क्रिबपेक्षा ती कितीतरी सुरक्षित.

घरात सगळे खाली गाद्या घालून झोपत असाल तर क्रिबची गरजच नाही. बाळाला आईशेजारी स्वतःची लहान टणक गादी द्या, भिंतीपासून आणि मोठ्यांच्या गादीपासून नीट अंतर ठेवून.

२. दुकानात काय तपासायचं

सगळ्यात आधी पलंगाकडची बाजू पूर्ण खाली घ्यायला सांगा आणि क्रिबच्या गादीच्या वर किती काठ उरतो ते बघा. काही क्रिबमध्ये काहीच उरत नाही, बाळाची आणि मोठ्यांची गादी सलग होते. दिसायला ते छान दिसतं, पण बाळ सरकून मोठ्यांच्या अंथरुणात किंवा मधल्या फटीत जाऊ शकतं. युरोपातल्या ईएन ११३०:२०१९ या मानकानुसार हा काठ निदान १२० मिलिमीटर, म्हणजे सुमारे पावणेपाच इंच हवा. खोक्यावर किंवा पुस्तिकेत हे मानक, किंवा बेडसाइड क्रिबसाठीचं अमेरिकेचं एएसटीएम एफ२९०६, लिहिलेलं आहे का ते पाहा. नुसतं ‘आंतरराष्ट्रीय दर्जा’ असं छापलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही.

लाकडी पट्ट्यांची क्रिब असेल तर दोन पट्ट्यांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. त्याहून मोठ्या फटीतून बाळाचं अंग बाहेर सरकतं आणि डोकं अडकतं. जाळीची असेल तर जाळी ताठ, बारीक विणीची आणि शिवण न उसवलेली हवी. मला स्वतःला जाळीच जास्त पटते. आपल्या हवेत ती खेळती राहते आणि पलंगावर पडल्या पडल्या बाळाचं तोंड दिसतं. पायांना चाकं असतील तर ब्रेक लावून जोरात ढकलून बघा. झुलणारी क्रिब असेल तर झुलणं पूर्ण बंद करणारा लॉक हवा, आणि बाळ झोपलेलं असताना तो लावलेलाच राहिला पाहिजे.

३. गादी: सपाट आणि टणक

क्रिबसोबत आलेली गादीच वापरा. आपल्याला ती कडक वाटते, हाताला लागते आणि घरातली मोठी माणसं हमखास म्हणतात, ‘पोराला टोचेल, खाली एक मऊ गोधडी घाला.’ घालू नका. नवजात बाळाची मान डोकं उचलून वळवण्याइतकी तयार नसते. मऊ गादीत तोंड रुतलं तर ते सोडवायला बाळाकडे ताकद नाही, आणि स्वतःचीच सोडलेली हवा ते पुन्हा पुन्हा आत घेत राहतं. रडण्याचा आवाजही येत नाही.

तपासायची रीत सोपी आहे. तळवा गादीवर दाबून उचला. हाताचा खळगा राहता कामा नये. मग गादी आणि क्रिबची भिंत यांच्यामध्ये बोटं घालून बघा. दोन बोटं सहज मावत असतील तर गादी लहान आहे. वेगळी विकत घेतलेली किंवा पिंजून घेतलेली कापसाची गादी इथे दोन्ही बाजूंनी फसते: नवी असताना फुगीर, आणि काही आठवड्यांत गोळे होऊन मधे खोल. सावरीच्या कापसाची गादी तर मुळीच नको. बाळ ओलं करणारच, म्हणून कडेने घट्ट बसणारं जलरोधक आवरण आणि वर एकच ताणून बसवलेली सुती चादर, एवढं पुरे. सुटं रबरी कापड वर अंथरलं की ते गोळा होऊन तोंडाशी येतं.

सपाट म्हणजे अगदी सपाट. दूध वर येतं म्हणून डोक्याची बाजू उंच करायची सोय काही क्रिबमध्ये असते आणि ती गुण म्हणून विकली जाते. उतारावर बाळाची हनुवटी छातीवर टेकते आणि अरुंद श्वासनलिका दबते. शिवाय उतारावर बाळाला वळणंही सोपं जातं. अमेरिकेत २०१९ मध्ये असे सुमारे ४७ लाख कलते झुले परत मागवावे लागले, कारण त्यांत ३० हून अधिक बाळं दगावली होती. नंतर तिथे बाळाच्या झोपण्याच्या साधनाचा उतार १० अंशांहून जास्त नसावा असा नियम झाला आणि २०२२ मध्ये कायद्याने कलते झुले आणि क्रिबच्या आतल्या कडेला लावायच्या गुबगुबीत झालरी, दोन्हींच्या विक्रीवर बंदी आली. आपल्याकडे अशा झालरी अजून ‘डोकं आपटू नये म्हणून’ संचात मिळतात. संच आवडला तर घ्या, पण झालर काढून ठेवा.

बारशाला भेट म्हणून येणारा उबदार ‘बेबी नेस्ट’, म्हणजे भोवती गुबगुबीत कडा असलेलं बाळाचं छोटं अंथरूण, हाही याच जातीचा. बाळ जागं असताना, समोर बसून, काही मिनिटं ठीक. झोपेसाठी नाही, आणि क्रिबच्या आत तर कधीच नाही.

४. घरी आणल्यावर बांधणी

जोडणी पुस्तिकेतल्या क्रमानेच करा आणि सगळे स्क्रू बसल्यावर क्रिब चारही बाजूंनी हलवून बघा. पट्टे बहुधा मोठ्यांच्या गादीखालून नेऊन पलंगाच्या पलीकडच्या चौकटीला अडकवायचे असतात. ही पायरी लोक सर्रास गाळतात, कारण क्रिब तशीही टेकलेली दिसते. पण रात्री आई कुशी बदलते, हाताचा रेटा देऊन उठते, आणि न बांधलेली क्रिब दर वेळी थोडी थोडी लांब सरकते.

बांधून झालं की पलंगावर बसून दोन्ही हातांनी क्रिब बाहेर ढकला. फट पडली नाही तर बांधणी बरोबर. पडली तर पट्टे आणखी आवळा. फटीत उशी, टॉवेल किंवा दुपट्याची गुंडाळी खुपसण्याचा मोह होतो, पण तीच गुंडाळी उद्या बाळाच्या तोंडावर येईल. हीच ढकलून बघायची तपासणी रोज झोपण्यापूर्वी करा. वडिलांना किंवा आजीला हे काम देऊन टाका, बाळंतिणीच्या लक्षात राहील असं नाही.

क्रिब खिडकीखाली नको. पडद्याच्या दोऱ्या, मोबाइलच्या चार्जरची वायर, एसीचा थेट झोत, वर खिळ्याला टांगलेली तसबीर, हे सगळं तिच्यापासून लांब. आणि बाळ-बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी किंवा धुरी होत असेल तर बंद खोलीत निखारे ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून धोका कळत नाही.

५. आत काय असावं

फक्त बाळ. उशी नको, डोक्याला आकार यावा म्हणून दिली जाणारी मोहरीची उशीही नको, दोन बाजूंचे लोड नकोत, बाहुली नको. गळ्यातला काळा दोरा किंवा ताईत झोपताना काढा. हवाच असेल तर दृष्टीचा टिळा लावा, त्याने गळा आवळत नाही. चिमणाळं क्रिबच्या कडेला बांधू नका. लांब उंचावर टांगून जागेपणी दाखवा.

पांघरुणाऐवजी हवामानाप्रमाणे कपडे घाला. आपण घातलेल्या कपड्यांहून फार तर एक थर जास्त. मे महिन्यातल्या नागपुरात एक पातळ झबलं पुरतं. ऊब तपासताना हात-पाय बघू नका, ते गार असतातच. मानेमागे किंवा छातीवर हात ठेवा. घामट लागलं तर एक थर कमी करा. टोपडं आणि कुंची घरात झोपताना काढलेली बरी, कारण बाळ जादा उष्णता डोक्यावाटे बाहेर टाकतं, आणि सरकलेलं टोपडं नाकावर येतं. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल तर मात्र याबाबत डॉक्टर सांगतील तेच करा.

मच्छरदाणी आपल्याकडे टाळता येत नाही. सर्वात चांगला उपाय म्हणजे पलंग आणि क्रिब दोन्हींवर मिळून एकच मोठी मच्छरदाणी ताणून बांधायची. तिचा कापड क्रिब आणि पलंगाच्या मधे अडकू देऊ नका, तिथेही फट तयार होते. छत्रीसारखी लहान मच्छरदाणी सुद्धा क्रिबच्या आत ठेवायची नसते.

६. पाठीवरच, दर वेळी

‘उताणं झोपलं आणि दूध वर आलं तर घुसमटेल’ ही भीती जवळपास प्रत्येक घरात ऐकू येते, आणि ती प्रेमापोटीच असते. आजीला शरीराची रचना समजावून सांगा. पाठीवर झोपल्यावर श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली. वर आलेलं दूध खालच्या अन्ननलिकेत परत जातं. पालथं असताना हे उलट होतं. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि नंतरच्या वर्षांत झोपेत अचानक होणाऱ्या बाळमृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. कुशीवर झोपवलेलं बाळ सहज पालथं होतं, म्हणून कुशीही नको. डोकं मागून चपटं होईल अशी काळजी असेल तर जागेपणी, तुमच्या नजरेसमोर, बाळाला रोज थोडा वेळ पोटावर ठेवा.

रात्री पाजताना डोळा लागणारच असं वाटत असेल तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसण्यापेक्षा पलंगावर पाजा, आजूबाजूच्या उशा बाजूला करून. जाग येताच बाळाला क्रिबमध्ये ठेवा. घरात कुणी सिगारेट ओढत असेल, कुणी दारू किंवा झोपेची गोळी घेतली असेल, किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर एका अंथरुणात झोपण्याचा धोका फार वाढतो.

७. घरातला पाळणा, कुणाची जुनी क्रिब

बारशाचा पिढीजात पाळणा बारशाला जरूर वापरा. रात्रीच्या झोपेसाठी त्याच्या पट्ट्यांतलं अंतर, गादीचा टणकपणा आणि झोका थांबवता येतो का, हे वरच्याच कसोट्यांवर तपासा. बहुतेक जुने पाळणे कुठे ना कुठे नापास होतात. साडीची झोळी तर बाळाला धनुष्यासारखं वाकवते आणि हनुवटी छातीला लागते.

नात्यातून आलेली क्रिब घेताना पट्टे आणि पुस्तिका सोबत आहेत का बघा. पट्टे हरवले असतील आणि कंपनीकडून मिळत नसतील तर ती पलंगाला जोडून वापरू नका. नाडी किंवा ओढणीने बांधणं म्हणजे बांधणी नव्हे.

८. कधी थांबायचं

बाळ पालथं पडू लागलं, हाता-गुडघ्यांवर उठू लागलं किंवा बसू पाहू लागलं, की बेडसाइड क्रिबचे दिवस संपले. बहुधा हे पाचव्या-सहाव्या महिन्यात होतं, काहींचं आधी. पुस्तिकेत वजनाची मर्यादा असते, पुष्कळदा ९ किलो, पण बाळाची हालचाल आधी बघा, वजन नंतर. बाळाला दुपट्यात गुंडाळत असाल तर पालथं पडण्याची पहिली चिन्हं दिसताच गुंडाळणं बंद करा. पुढे उंच कठड्याची मोठी कॉट लागते.

आणि माहेरचं बाळंतपण असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. क्रिब माहेरच्या पलंगाला बेतून बांधलेली असते. सासरी परतताना ती गाडीत घालून नेली तरी तिथल्या पलंगाची उंची, गादी आणि खालची जागा वेगळी असणार. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी सासरी फोन करून पलंग मोजून घ्यायला सांगा, आणि पोचल्यावर बाळाला पहिल्यांदा झोपवण्याआधी पट्टे नव्याने आवळून ढकलून बघा.