क्वारी बँक गिरणीत पोरांना नेताना

मँचेस्टर विमानतळाजवळच्या स्टाइल गावात बॉलिन नदीकाठी सॅम्युअल ग्रेगची ही सूतगिरणी आहे, १७८४ सालची. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत साच्यावर (मागावर) होते, म्हणून मी नातवंडांना इथे घेऊन गेले.

आधी वरच्या अंगाला शिकाऊ मुलांचं घर बघा. ते माहीतगारासोबतच दाखवतात, म्हणून पोहोचल्या पोहोचल्या वेळ ठरवून घ्या. नऊ-दहा वर्षांची पोरं दिवसाला बारा तास राबून एका बिछान्यात दोघं झोपायची, हे ऐकून आमचा नऊ वर्षांचा नातू गप्पच झाला. तो गप्प होणं ही बातमीच आहे!

मग गिरणी. माग चालू करतात तेव्हा कान बधिर होतात. लहानग्यांच्या कानावर हात ठेवा, किंवा कानटोपी न्या. कामगार ओठ वाचून बोलायचे; पोरांना तसं बोलायला लावा, पाच मिनिटं मजेत जातात. सूत कातायच्या लांबलचक यंत्रापाशी मात्र थांबाच. त्याचा गाडा मागेपुढे सरकत असताना खाली रांगत जाऊन पोरं कापूस झाडायची. "आणि गाडा परत आला तर?" नातीनं विचारलं. मी खरं ते सांगितलं. तुम्हीही सांगा.

तळाशी मोठं लोखंडी पाणचाक आहे. माहितीचे फलक सोडा, पोरं वाचत नाहीत.

परतीचा चढ दमवतो. डबा खालीच उघडा.