सुट्टीची तारीख बदलली, विम्याचे पैसे परत मिळत नाहीत? या चुका टाळा

लेकीच्या परीक्षेचं वेळापत्रक ऐनवेळी बदललं आणि आमची सहल तीन आठवडे पुढे ढकलावी लागली. एका संध्याकाळी बसून मी विमानाची तिकिटं बदलली, हॉटेलला कळवलं, गाडीचं बुकिंग सरकवलं. राहिला प्रवास विमा. पॉलिसीच्या पहिल्याच पानावर ‘नॉन-रिफंडेबल’ लिहिलेलं होतं. ते वाचलं, ‘गेले ते पैसे’ म्हणून सोडून दिलं आणि नव्या तारखांची दुसरी पॉलिसी घेतली.

प्रीमियम दोनदा भरला, याचं वाईट वाटलंच. पण खरं नुकसान आठवडाभराने दोन्ही पॉलिसी शेजारी ठेवून वाचल्या तेव्हा कळलं. पहिली पॉलिसी मी तिकिटं काढल्यावर चारच दिवसांत घेतली होती, त्यामुळे सासूबाईंच्या जुन्या रक्तदाबाला त्यात कव्हर होतं. दुसरी दोन महिन्यांनी घेतलेली, तिच्यात ते नव्हतं. एक ई-मेल पाठवला असता तर पहिलीच पॉलिसी नव्या तारखांना लागू झाली असती. तोपर्यंत तिची मूळ निघण्याची तारीख उलटून गेली होती आणि कंपनीला काही करता येत नव्हतं.

म्हणून सगळ्यात आधी हे नीट समजून घ्या. नॉन-रिफंडेबल म्हणजे भरलेला प्रीमियम परत मिळणार नाही, एवढंच. तारखा बदलता येणार नाहीत, असा त्याचा अर्थ होत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे कितीतरी लोक चालू पॉलिसी वाया घालवतात.

फोनवर ‘रद्द’ म्हणणं

कस्टमर केअरला फोन लावून आपण सहज बोलून जातो, “आमची ट्रिप कॅन्सल झाली, आता पुढच्या महिन्यात जाणार आहोत.” पलीकडचा माणूस ‘कॅन्सल’ ऐकतो, रद्द करण्याची प्रक्रिया सुरू करतो आणि वर सांगतो की पैसे परत मिळणार नाहीत. एकदा रद्द झालेली पॉलिसी पुन्हा जिवंत करणं फार अवघड जातं. त्यामुळे पहिलं वाक्यच असं असू द्या: “पॉलिसी चालू ठेवायची आहे, फक्त प्रवासाच्या तारखा बदलायच्या आहेत.” विम्याच्या भाषेत अशा बदलाला ‘एन्डॉर्समेंट’ म्हणतात. तो शब्द वापरलात तर फोन योग्य माणसाकडे लवकर जातो.

पैसे परत का मिळत नाहीत, यामागे कारण आहे. आपल्याला वाटतं, अजून निघालोच नाही, मग विमा वापरला कुठे? पण पॉलिसीत ट्रिप कॅन्सलेशनचं कव्हर असेल तर ते बहुतेक वेळा प्रीमियम भरल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच चालू होतं. निघण्याच्या आधी तुम्ही आजारी पडलात, घरात कुणाचं निधन झालं, तर ते नुकसान कंपनीला भरून द्यावं लागलं असतं. ती जोखीम तिने घेतलेली असते. औषधोपचार, सामान हरवणं, प्रवास अर्धवट सोडावा लागणं ही कव्हर प्रवासाला निघाल्यावर सुरू होतात. म्हणजे एकाच पॉलिसीत दोन घड्याळं असतात, एक खरेदीपासूनचं आणि एक निघण्यापासूनचं. तारीख बदलताना आपण दुसरं घड्याळ पुढे सरकवतो. पहिलं चालूच राहतं.

याला एक अपवाद आहे आणि तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. पॉलिसी नुकतीच घेतली असेल तर ‘फ्री लूक’ मुदत, म्हणजे पॉलिसी वाचून पटली नाही तर परत करण्यासाठी मिळणारे सुरुवातीचे दिवस, तपासा. अनेक कंपन्या 10 ते 15 दिवस देतात. त्या मुदतीत तुम्ही निघालेले नसाल आणि क्लेम केलेला नसेल, तर नॉन-रिफंडेबल पॉलिसीचाही प्रीमियम परत मिळू शकतो. मुदत खरेदीच्या दिवसापासून मोजायची की कागद हातात आल्यापासून, हे पॉलिसीतच लिहिलेलं असतं.

तारीख पक्की होईपर्यंत थांबून राहणं

मला ही सगळ्यात महागडी चूक वाटते, कारण ती शहाणपणाची वाटते. “नवी तारीख ठरू दे, मग एकदाच कळवू,” असं म्हणत दिवस जातात आणि मूळ निघण्याची तारीख येऊन उलटते. त्या दिवशी कंपनीच्या सिस्टीममध्ये तुमचा प्रवास सुरू झालेला असतो. तुम्ही घरी बसलेले असलात तरी पॉलिसीचे दिवस संपत जातात. त्यानंतर तारीख बदलून मिळत नाही म्हटलं तरी चालेल.

नवी तारीख ठरलेली नसेल तरी मूळ तारखेच्या आधी कळवा आणि अंदाजे तारीख टाकून घ्या. पुढे ती पुन्हा बदलता येईल का, किती वेळा येईल, पॉलिसी खरेदीनंतर जास्तीत जास्त किती दिवसांनी सुरू होणाऱ्या प्रवासाला चालते, हे तिन्ही प्रश्न त्याच फोनवर विचारा. तारीख किती पुढे नेता येते याला मर्यादा असते, प्रत्येक पॉलिसीची वेगळी. आणि हा फोन विमानाचं तिकीट बदलण्याच्या आधी करा. बदल शक्य नाही असं निघालं, तर निदान तिकीट बदलण्याआधी तुम्हाला ते कळलेलं असेल.

तिकीट बदललं म्हणजे विमाही बदलला असं समजणं

तिकीट काढताना शेवटच्या पानावर एक चौकोन असतो, त्यावर टिक केली की विमा जोडला जातो. तो तिकिटाचाच भाग वाटतो. प्रत्यक्षात तो वेगळ्या विमा कंपनीचा असतो, त्याचा पॉलिसी नंबर वेगळा असतो आणि सर्टिफिकेट वेगळ्या ई-मेलने येतं, पुष्कळदा स्पॅममध्ये जाऊन पडतं. विमान कंपनीने तारीख बदलली म्हणून विमा कंपनीला ती आपोआप कळेल, हे गृहीत धरू नका. सर्टिफिकेट शोधा, त्यावरचा नंबर फिरवा. एजंटकडून पॉलिसी घेतली असेल तर “मी करतो, काळजी करू नका” यावर थांबू नका. सुधारित सर्टिफिकेट हातात येईपर्यंत बदल झालेला नाही, असंच धरून चाला.

क्रेडिट कार्डासोबत मिळणाऱ्या विम्याचं वेगळं. तो बहुतेक करून त्या कार्डाने भाडं भरलं असेल तरच लागू होतो, म्हणून नव्या तारखेचा फरक दुसऱ्या कार्डाने भरण्याआधी नियम वाचा.

फक्त तारीख बदलणं, बाकी तसंच ठेवणं

प्रीमियम ठरतो तो प्रवाशाचं वय, दिवसांची संख्या, ठिकाण आणि ज्या खर्चाचा विमा उतरवला तो खर्च यांवर. तारीख हलली की यातलं काहीही हलू शकतं. मधल्या काळात कुणाचा वाढदिवस येऊन वयाचा गट बदलतो. दहा दिवसांची सहल बारा दिवसांची होते. नव्या तारखांना हॉटेल महाग असतं, आणि विमा मात्र जुन्या रकमेचाच राहतो. हे कळवलं नाही तर क्लेमच्या वेळी तेवढी रक्कम कमी मिळते, आणि काही पॉलिसींमध्ये परत न मिळणाऱ्या पूर्ण खर्चाचा विमा नसेल तर जुन्या आजारांची सवलतही, म्हणजे आधीपासूनच्या आजारांना मिळणारं कव्हरही, जाते. फरकाचा प्रीमियम भरावा लागला तर भरा. नव्या पॉलिसीपेक्षा तो सहसा कमीच पडतो.

जुन्या आजारांच्या या सवलतीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझं पाऊल इथेच चुकलं. ज्या पॉलिसींमध्ये ती मिळते, त्यांत बहुधा अट असते की सहलीचे पहिले पैसे भरल्यापासून ठरावीक दिवसांत, साधारण 14 ते 21 दिवसांत, पॉलिसी घेतलेली असावी. जुनी पॉलिसी चालू ठेवून तारीख बदलली की खरेदीची तारीख साधारणपणे तीच राहते, आणि तिच्यासोबत ही सवलतही. नवी पॉलिसी घेतली की मोजणी नव्याने सुरू होते आणि मुदत तर केव्हाच संपलेली असते. वादळ, संप यांसारख्या घटनांनाही हेच लागू पडतं. पॉलिसी घेताना जी गोष्ट सगळ्यांना माहीत झालेली होती, तिच्यासाठी क्लेम मिळत नाही. म्हणून घरात वयस्कर माणूस असेल, कुणाचं औषध चालू असेल, तर जुनी पॉलिसी सोडण्याआधी दहा वेळा विचार करा. मधल्या काळात नवीन आजार निघाला, औषध बदललं, तर ते कंपनीला सांगायचं का, हेही विचारून घ्या. लपवलेली गोष्ट क्लेमच्या वेळी बाहेर येतेच.

व्हिसाही बघा. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना एकत्र चालणाऱ्या व्हिसासाठी, किमान 30,000 युरोचं वैद्यकीय कव्हर लागतं आणि ते मुक्कामाच्या पूर्ण काळासाठी असावं लागतं. तारखा बदलल्या आणि विमा जुन्या तारखांवर राहिला, तर ही अटच पुरी होत नाही.

तारीख बदलण्याचा खर्च विमा देईल असं मानणं

सहसा देत नाही. ट्रिप कॅन्सलेशनमध्ये कोणत्या कारणांसाठी पैसे मिळतात याची यादी असते: आजारपण, अपघात, जवळच्या माणसाचं निधन, घराचं मोठं नुकसान, अशी. रजा मिळाली नाही, परीक्षा पुढे गेली, मन बदललं, ही कारणं सर्वसाधारण पॉलिसीत बसत नाहीत. कारण यादीतलं असेल तर काही पॉलिसी तिकीट बदलण्याचं शुल्क देतात, तेव्हा आधी यादी वाचा. ‘कोणत्याही कारणासाठी रद्द’ असा वाढीव पर्याय घेतला असेल तर खर्चाचा साधारण 50 ते 75 टक्के भाग परत मिळतो. पण तो सहल रद्द करण्यासाठी असतो, आणि बहुधा निघण्याच्या किमान 48 तास आधी रद्द करावं लागतं. विमान कंपनीने किंवा हॉटेलने पुढच्या प्रवासासाठी क्रेडिट दिलं असेल, तर तेवढ्या रकमेचं नुकसान झालं असं विमा कंपनी सहसा मानत नाही.

अजून एक. बदल मागायच्या आधी घाईने क्लेम टाकू नका. क्लेम दाखल झालेल्या पॉलिसीच्या तारखा बदलून द्यायला कंपन्या सहसा तयार होत नाहीत.

पहिल्या ‘नाही’वर फोन ठेवणं

फोनवर बसलेल्या माणसाच्या स्क्रीनवर जेवढी बटणं असतात, तेवढंच तो सांगू शकतो. “सिस्टीममध्ये होत नाही,” असं म्हटलं तरी लेखी विचारा. मी आता हा मजकूर तयारच ठेवते:

“पॉलिसी क्रमांक अमुक. प्रवासाला अजून निघालेलो नाही, कोणताही क्लेम केलेला नाही. प्रवासाच्या तारखा अमुक ते अमुक अशा बदलून सुधारित सर्टिफिकेट पाठवावं. फरकाचा प्रीमियम असल्यास कळवावा. बदल शक्य नसल्यास पॉलिसीतल्या कोणत्या कलमानुसार, ते लिहावं. भरलेला प्रीमियम नव्या पॉलिसीत वळता करता येईल का, तेही कळवावं.”

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. कलम विचारलं की उत्तर देणाऱ्याला पॉलिसी उघडून वाचावी लागते, आणि पुष्कळदा त्यातूनच वाट निघते. रोख परत न देणाऱ्या काही कंपन्या प्रीमियम पुढच्या पॉलिसीत वळवून देतात, पण मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. तरीही नकार आला आणि तो पॉलिसीत लिहिलेल्या गोष्टीशी जुळत नसेल, तर कंपनीच्या तक्रार निवारण विभागाला लिहा.

नवं सर्टिफिकेट न वाचता ठेवून देणं

माझ्या एका मावसभावाने तारखा व्यवस्थित बदलून घेतल्या होत्या. परतीची तारीख टाकली 12, कारण तिकिटावर 12 होती. विमान 12 च्या रात्री सुटून 13 च्या दुपारी पोहोचणार होतं. 13 ला पहाटे, मधल्या विमानतळावरच्या जिन्यात त्याचा पाय सरकला आणि मनगट मोडलं. कंपनीचं उत्तर एका ओळीचं होतं: घटना विमा कालावधीच्या बाहेरची आहे. फ्लाइट उशिरा सुटली असती तर मुदत आपोआप वाढण्याची तरतूद त्या पॉलिसीत होती. पण ती वेळेवरच सुटली होती.

त्यामुळे परतीची तारीख म्हणजे घरी पोहोचण्याची तारीख, निघण्याची नाही. शक्य असेल तर वर एक दिवस जास्त घ्या. नवं सर्टिफिकेट आलं की पासपोर्ट आणि तिकीट समोर ठेवून प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, दोन्ही तारखा आणि ठिकाणं बोट ठेवून वाचा. पॉलिसी क्रमांकाच्या पुढे एखादं अक्षर किंवा आकडा वाढलेला असेल तर तोही टिपून घ्या, क्लेमच्या वेळी तोच विचारतात. मग जुनं सर्टिफिकेट फोनमधून वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि नव्याच्या फाइलला नव्या तारखेचं नाव द्या, म्हणजे अनोळखी शहरातल्या हॉस्पिटलच्या काउंटरवर घाईत चुकीचा कागद पुढे केला जाणार नाही.