सोलर बसवताय? पॅनेल वर चढवण्याआधी आणि नंतर या चुका टाळा

एप्रिल-मेचं वीजबिल हातात पडलं की आमच्या सोलापूरकडे घराघरात एकच विषय निघतो: आता सोलर बसवून टाकू. विचार चांगलाच आहे, मीही त्याच वाटेने गेलो. पण गेल्या काही वर्षांत नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या गच्च्यांवर चढून, त्यांची बिलं मांडीवर घेऊन बसल्यावर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. पॅनेल खराब निघाली म्हणून पैसे गेले, असं फार थोड्यांचं झालंय. बहुतेकांचा क्रम चुकला. तापणारं घर तसंच ठेवलं, जुने पंखे तसेच फिरत राहिले, आणि या सगळ्याला पुरतील एवढी पॅनेल वर चढवली. म्हणून सुरुवात छताच्या खालच्या चुकांपासून.

तापलेल्या स्लॅबखाली एसी लावणं

वरच्या मजल्यावर राहत असाल तर मे महिन्यात रात्री अकराला स्टुलावर चढून स्लॅबला तळहात लावून बघा. चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखी ऊब लागते. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर ते खाली सोडतं. एसी लावला की तीच उष्णता आपण युनिट मोजून बाहेर काढत बसतो. गावाकडच्या माळवदाच्या घरात ही अडचण नव्हती. लाकडी तुळया, वर फळ्या, त्यावर हातभर माती आणि पांढऱ्या मातीचा थर. आम्ही माळवद पाडलं, आरसीसी बांधलं आणि मातीचं काम करायला दुसरं काहीच ठेवलं नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय आजही चुना. चुनकळी भिजवून, गाळून, त्यात चिकटपणासाठी थोडा डिंक घालून गच्चीवर दोन हात द्यायचे. हे काम फेब्रुवारीअखेर उरकायचं, उन्हाळा अर्धा संपल्यावर नाही. पावसात तो धुऊन जातो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. उन्हाचा मारा परतवणारा तयार रंग जास्त टिकतो, पण तो धुळीवर किंवा वाळलेल्या शेवाळावर लावला तर वर्षभरात पापुद्रे सुटतात. आधी तारेच्या ब्रशने घासा, धुवा, दोन दिवस कडक वाळू द्या. बजेट असेल तर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक करा, ते वर्षानुवर्षं काम देतं. आणि रंग कोणताही असो, त्यावर धूळ बसली की तो पांढरा राहत नाही, एवढं ध्यानात ठेवून अधूनमधून झाडू मारा.

इथे एक चूक फार महागात पडते. खोली तापते म्हणून आतून पीओपीचं फॉल्स सिलिंग करतात. नुसत्या पीओपीने फरक थोडाच पडतो, कारण ऊन तर स्लॅबमध्ये आधीच शिरलेलं असतं. ऊन अडवायचं ते स्लॅबच्या वर. सिलिंगच्या पोकळीत वायरिंगला चिकटून थर्माकोल कोंबणं तर धोक्याचंच, ठिणगी पडली तर पेट घेतो.

खिडक्यांचंही तसंच. पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावला की आपल्याला वाटतं ऊन अडलं. पण काचेतून ते आत आलेलं असतं, पडदा फक्त तापतो. बाहेरून बांबूची चिक किंवा शेडनेट लावलं तर तेच ऊन काचेपर्यंत पोचत नाही. मधल्या मजल्यावरच्या फ्लॅटवाल्यांनी गच्चीच्या रंगात न पडता थेट पश्चिमेची भिंत आणि खिडकी धरावी.

कूलरवाल्यांची ठरलेली चूक म्हणजे दारं-खिडक्या गच्च बंद करणं. कूलर ओली हवा आत ढकलतो, तिला बाहेर जायला वाट लागते. वाट नसली की तासाभरात खोली दमट होते, अंग चिकट होतं आणि मग ‘कूलर काम करत नाही’ म्हणून एसी येतो. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवून बघा. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत मात्र त्याच्यावर पैसे घालू नका.

युनिट कुठे जातात ते न बघणं

जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३०च्या आसपास. रोज १५ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात. घरात असे चार पंखे असतील तर हिशेब तुम्हीच करा. एसी २४ अंशांवर ठेवा, दर वाढीव अंशाला सुमारे ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं.

महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटचे टप्पे आहेत. अनेकांना वाटतं ३०१वं युनिट पडलं की सगळेच युनिट महाग होतात. तसं नाही, वरच्या टप्प्यातल्या युनिटांनाच वरचा दर लागतो. पण याचा अर्थ असा की तुम्ही वाचवलेलं पहिलं युनिट हे तुमचं सगळ्यात महागडं युनिट असतं, आणि त्यावरचं १६ टक्के वीज शुल्कही वाचतं. म्हणूनच पॅनेलच्या आधी पंखे.

मे महिन्याच्या बिलावर किलोवॉट ठरवणं

एक किलोवॉट ताकदीच्या पॅनेलना साधारण १०० चौरस फूट सावलीविना जागा लागते आणि आपल्याकडे त्यातून वर्षाच्या सरासरीने रोज चारेक युनिट मिळतात. म्हणजे तीन किलोवॉटमागे महिन्याला ३६०च्या आसपास, पावसाळ्यात त्याहून बरेच कमी. विकणारा माणूस मेचं बिल बघून पाच किलोवॉट सांगतो. तुम्ही बारा महिन्यांची बिलं काढा, बेरीज करा, बाराने भागा.

मोठी सिस्टीम घेतली तर जास्तीची वीज विकून पैसे मिळतील, हा समज काढून टाका. नेट मीटरवर (लाइनवरून घेतलेली आणि लाइनला दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात खरे, पण ३१ मार्चला खातं बंद होतं आणि उरलेले युनिट अगदी कमी दराने विकत घेतले जातात. आपल्या हवामानाशी हे नीट जोडून बघा: हिवाळ्यात पंखे बंद, ऊन स्वच्छ, युनिट साठत जातात, आणि एप्रिलमध्ये एसी सुरू व्हायच्या तोंडावर साठा शून्य. मला पहिल्या वर्षी हे कुणी सांगितलं नव्हतं, मार्चचं बिल पाहून हळहळलो. आता आम्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये गॅसऐवजी इंडक्शन जास्त वापरतो.

अनुदानाचंही गणित मोठ्या सिस्टीमच्या बाजूने नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये मिळतात. त्यापुढे कितीही बसवा, ७८,००० रुपयेच. तेही सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेली असतील तरच.

आणि अर्ज करण्याआधी बिलावरचं नाव वाचा. कित्येक घरांत मीटर अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर आहे. अनुदान ग्राहकाच्या बँक खात्यात येतं, त्यामुळे बिल एकाचं आणि खातं दुसऱ्याचं असलं की फाइल अडते. आधी नावबदल, मग अर्ज. मंजूर भार (महावितरणने तुमच्या जोडणीला मंजूर केलेले किलोवॉट) किती आहे तेही तिथेच बघून घ्या.

उन्हाळ्यात सावली बघणं

सोलर बघायला माणूस येतो मेमध्ये. त्या महिन्यात सोलापुरात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, टाकीची सावली टाकीच्या पायाशीच पडते. सगळी गच्ची मोकळी वाटते. डिसेंबरअखेर तोच सूर्य भर दुपारीसुद्धा दक्षिणेकडे कलून फक्त ४९ अंशांवर असतो. पॅनेलपेक्षा सहा फूट उंच असलेल्या टाकीची सावली तेव्हा बारा वाजता पाच फुटांपुढे पसरते, सकाळी नऊला त्याच्या दुपटीहून जास्त. आमच्या शेजारी पॅनेलची शेवटची रांग टाकीच्या उत्तरेला तीन फुटांवर लावली होती. जून-जुलैत कुणाच्या लक्षातही आलं नाही. डिसेंबरात रोज सकाळी निम्मं उत्पादन गायब.

एका पॅनेलवर सावली पडली तर नुकसान त्या पॅनेलपुरतं राहीलच असं नाही. पॅनेल एका माळेत जोडलेली असतात, एक अडलं की माळेतला प्रवाह अडखळतो. म्हणून टाकी, जिन्याची खोली, डिशची छत्री, शेजारचा कडुलिंब यांच्या उत्तरेला पॅनेल लावू देऊ नका. तोंड दक्षिणेला, कल १५ ते २० अंश. पुढच्या चार-पाच वर्षांत शेजारी मजला चढणार आहे का, हेही विचारून घ्या. असं विचारायला लाजू नये.

बसवताना डोळे मिटून घेणं

पाया घालायला स्लॅबला भोकं पाडू देऊ नका, पहिल्याच पावसात गळती सुरू होते. काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात खांब बसवता येतात. मात्र ते वाऱ्याच्या हिशेबाने जड हवेत. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा पत्र्याची छपरं कशी उडाली ते कोकणाने पाहिलंय. समुद्राजवळ साधं रंगवलेलं लोखंड तर नकोच, खाऱ्या हवेत ते गंजतं. जस्तात बुडवून काढलेलं घ्या.

अर्थिंग तीन लागतात: आकाशातली वीज झेलणाऱ्या सळईचं (लाइटनिंग अरेस्टर), डीसीचं (पॅनेलकडून येणारी वीज) आणि एसी बाजूचं (घरात फिरणारी वीज, थंड हवेचा एसी नव्हे). पैसे वाचवायला तिन्ही एकाच खड्ड्यात सोडलेली मी पाहिली आहेत. वळवाच्या पावसात वीज पडली तर ती घरात शिरायला तेवढी वाट पुरते. पॅनेल पत्र्याला चिकटवून लावणंही चूकच. खालून हवा खेळली पाहिजे. पॅनेलची ताकद २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३५ टक्के उतरते. मेमध्ये पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापलं की चौदाएक टक्के वीज तशीच जाते. तो बिघाड नव्हे.

धुताना दुपारी गार पाणी मारू नका, तापलेली काच तडकू शकते. पहाटे धुवा, आणि बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर शेवटी मऊ फडक्याने पुसून घ्या, नाहीतर पांढरे डाग कायमचे बसतात.

चालू झाल्यावरची घाबरगुंडी

‘पॅनेलने ३६० युनिट बनवले, बिलावर निर्यात (लाइनला दिलेली वीज) २३०च कशी?’ हा फोन मला हमखास येतो. उरलेले १३० युनिट दिवसा तुमच्याच घराने वापरले. समजा आयात (लाइनवरून घेतलेली वीज) २१० आहे, तर घराचा खरा वापर ३४० झाला आणि २० युनिट पुढे जमा. तरीही बिल शून्य येत नाही, स्थिर आकार लागतोच.

‘भर उन्हात लाइट गेली तर सोलर पण बंद, मग उपयोग काय?’ हाही तसाच. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा, महावितरणच्या लाइनला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाइट गेली की मुद्दाम बंद होतो. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या घरातून शॉक बसेल. भारनियमनाचा भाग असेल तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर आधीच ठरवा, नंतर बदलणं महाग पडतं.

लाइट असूनही इन्व्हर्टर दुपारी बारा ते तीन बंद-चालू होत असेल, तर स्क्रीनवरचा व्होल्टेज बघा. दुपारी आळीतला वापर कमी, सगळ्यांची पॅनेल जोरात, त्यामुळे लाइनचा व्होल्टेज २५०च्या वर चढतो आणि इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची वायर बारीक किंवा फार लांब असली तरी हेच होतं. वेळ आणि व्होल्टेज चार दिवस वहीत लिहून ठेवा, मगच तक्रार द्या. माझ्याकडे असंच झालं होतं. मिक्सर लावला की हॉलचा बल्ब भक्कन उजळायचा, ही खूण मी आठवडाभर दुर्लक्षित केली. वही बघून वायरमन थेट खांबावरच चढला आणि वरूनच ओरडला, ‘काका, न्यूट्रल ढिला हाय!’ जळका सांधा कापून त्याने नवा जोड केला, व्होल्टेज २३५वर आला. तेवढ्या आठवड्यात फ्रिजचं कार्ड मात्र गेलं.

स्वतः काही उघडण्याआधी एवढं करा: आधी इन्व्हर्टरच्या एसी बाजूचा (घराकडचा) स्विच बंद, मग डीसीचा (पॅनेलकडचा). पॅनेलकडून येणाऱ्या वायरी त्यानंतरही ऊन असेतोवर जिवंतच असतात, म्हणून त्यांचे जोड हाताने ओढून सोडवू नका. ते काम सूर्य मावळल्यावर आणि माहीतगार माणसानेच करायचं.