जुनं मॉस आणि जुनं मोदकपात्र

गेल्या मे महिन्यात मॉन्स्टेरा या शोभेच्या वेलाच्या पाच कटिंग्ज मी एका आठवड्यात घालवल्या. आळस माझाच. कटिंगला मुळं फुटावीत म्हणून ती ज्यात रोवतात ते स्फॅग्नम मॉस, म्हणजे दलदलीतलं वाळवलेलं शेवाळ. आधीच्या खेपेचं तेच मी गच्चीत दोन दिवस कडक उन्हात वाळवलं आणि झालं स्वच्छ असं समजून परत डब्यात भरलं. चौथ्या दिवशी झाकण काढलं तर नासक्या बटाट्याचा वास, आणि पेरं काळी पडून बोटाला लिबलिबीत लागली. मूळकुज करणाऱ्या पिथियम या बुरशीसारख्या जीवाचे टणक बीजाणू नुसत्या वाळण्याने मरत नाहीत. ओल मिळाली की पुन्हा जागे होतात.

मग उष्णता. स्फॅग्नम स्वतःच्या वजनाच्या वीसपट वगैरे पाणी धरतं ते त्याच्या मेलेल्या, पोकळ पेशींमुळे. म्हणजे वाफेत घातलं म्हणून त्यात मरायला काही उरलेलं नसतं, पाणी धरायचा गुण तसाच राहतो. पुन्हा वापरण्याची सगळी सोय या एका गोष्टीत आहे.

आधी निवडणं. मुळं सुटलेली कटिंग कोमट पाण्याच्या घमेल्यात दहा मिनिटं ठेवायची आणि मॉस बोटांनी हलवत सोडवायचं. मुळांना घट्ट धरून बसलेलं तिथेच राहू द्या, ते ओढलंत तर मुळंच तुटतात. सुटलेल्यातले मुळांचे तुकडे, कुजकी पानं वेचून टाका. तांदूळ निवडतो तसं, घाई न करता, कारण रोग राहतो तो याच कचऱ्यात. हिरवट झालेलं चालतं, ते नुसतं शेवाळं. ज्यात कटिंग कुजली ते मात्र मी आता ठेवतच नाही, कितीही सोनेरी दिसो.

नंतर दोन-तीन पाण्यांतून काढून पिळायचं. आमच्या बोअरच्या पाण्याने मॉसवर पांढरी खर धरते, म्हणून शेवटचं पाणी पावसाचं किंवा आरओचं.

आता मोदकपात्र. माझ्याकडे पोचे आलेलं जुनं ॲल्युमिनियमचं आहे. सासूबाईंनी एकदा बघून "हे परत गणपतीत काढू नकोस हो" एवढंच सांगितलं, तेव्हापासून ते बाल्कनीतच असतं. चाळणीत ओलं मॉस सैलसर पसरायचं, दाबून भरलं तर मधल्या गोळ्यापर्यंत वाफ पोचत नाही. भरपूर वाफ यायला लागली की तिथून अर्धा तास धरायचा. रोगाच्या बहुतेक बुरश्या आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक जंत) ७०-८० अंशांवर अर्ध्या तासात मरतात, त्यामुळे वाफ पुरेशी होते. मायक्रोवेव्ह करणारे आहेत, पण कोरडं मॉस त्यात पेट घेऊ शकतं. मी त्या वाटेला जात नाही.

गॅस बंद केला की झाकण उघडायचं नाही. आतल्या आत गार होऊ द्यायचं. वाफवलेलं मॉस म्हणजे रिकामं शेत, पहिली जी बुरशी पडेल तिला सगळं रान मोकळं. म्हणून डबा साबणाने धुतलेला, कात्री स्पिरिटने पुसलेली, आणि लागलंच तर वरून उकळून गार केलेलं पाणी. मूठ आवळल्यावर दोन-चार थेंब पडावेत. धार लागली तर जास्त ओलं आहे, अजून पिळा. लगेच वापरायचं नसेल तर पातळ कापडावर पूर्ण सुकवून कागदी पिशवीत ठेवते.

ब्लीचचं बरेच जण सुचवतात. मला पटत नाही. क्लोरीन मॉसमधल्या सेंद्रिय पदार्थावरच खर्च होऊन जातो, रोगापर्यंत थोडाच उरतो. आणि खर काढायला कोणी व्हिनेगर वापरत असेल तर त्यात ब्लीच चुकूनही घालू नका, विषारी वायू निघतो.

हातमोजे घाला. गुलाबाच्या काट्याने ओरखडलेल्या हाताने मॉस हाताळलं तर त्यातून स्पोरोट्रायकोसिस नावाचा बुरशीचा आजार होऊ शकतो, हातावर ओळीने गाठी येतात. कोरडं मॉस आधी भिजवा, मग मोकळं करा, म्हणजे धूळ नाकात जात नाही.

माहेरी सांगोल्याला दादा डाळिंबाची गुटी बांधतो, म्हणजे झाडावरच्या फांदीला साल काढून ओल्या मॉसची गाठ बांधतो आणि तिथे मुळं फुटली की फांदी कापून पिशवीत लावतो. त्याला हे सगळं सांगितलं तर हसला. "आगं, आमचं शेवाळ माघारी येतंय कुठं? मुळ्यांसंगं पिशवीतच जातंय." मॉसलाच तो शेवाळ म्हणतो. खरंच आहे, गुटीत उरतं ते फक्त न लागलेल्या गाठींचं. आणि बागेत तेल्या हा डाळिंबाचा रोग असेल तर तेही तो जाळून टाकतो, वाफवत बसत नाही.

माझ्याकडे एक मॉस साधारण तीन खेपा टिकतं. पिळून सोडल्यावर ते फुगून वर यायला हवं. चहाच्या चोथ्यासारखं बसून राहिलं, धागे तुटून भुगा व्हायला लागला, की आतली हवा संपली. ते मग नेच्याच्या कुंडीत मातीत मिसळते. मात्र तेही आधी एकदा वाफवून.