लेक सिनेटमध्ये पेज होती तेव्हा

"तिथे जाऊन ती नेमकं करणार काय?" पुण्याहून आईने विचारलं. मी सांगितलं, "पाणी देणार, कागद पोचवणार." फोनवर बराच वेळ कोणी बोललं नाही. अकरावीतली नात शाळेचं अख्खं सत्र सोडून वॉशिंग्टनला जाणार आणि लोकांना पाणी देणार, हे तिच्या गळी उतरायला दिवस लागले. खरं सांगायचं तर माझ्याही. आता इथे अमेरिकेत ओळखीतले आईबाप तोच प्रश्न मला विचारतात, म्हणून जे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं ते लिहून ठेवते आहे.

पेज म्हणजे सभागृहात सिनेटरांची निरोप-कागदांची कामं करणारी शाळकरी मुलं. अमेरिकन सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, एका वेळी ३० पेज असतात. वय १६ किंवा १७, इयत्ता अकरावी. ही प्रथा १८२९ सालची. डॅनिएल वेब्स्टर या सिनेटरने ग्राफ्टन हॅन्सन नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला कामावर घेतलं, तो पहिला. मुलींना मात्र १९७१ पर्यंत थांबावं लागलं. लेकीला मी हे साल पाठच करायला लावलं होतं. प्रतिनिधीगृहातही, म्हणजे संसदेच्या दुसऱ्या सभागृहातही, पूर्वी पेज असायचे, पण ईमेलच्या जमान्यात निरोप्यांवर एवढा खर्च कशाला म्हणून २०११ मध्ये ते बंद झालं. सिनेटने आपले पेज ठेवले, याचं मला मनापासून बरं वाटतं.

अर्ज आपल्या राज्याच्या सिनेटरच्या कार्यालयातून करायचा. प्रत्येक कार्यालयाच्या तारखा वेगळ्या, त्यामुळे दहावीतच फोन करून विचारा. व्हिसावर असलेल्या घरांनी पात्रतेचंही तेव्हाच विचारून घ्यावं. गुणांची सरासरी (जीपीए) ४.० पैकी किमान ३.० लागते, निबंध लागतो. लेकीचा पहिला निबंध 'नेतृत्व' आणि 'लोकशाही' या शब्दांनी भरलेला होता. वाचून कंटाळा आला. मग तिने मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या पंगतीला पाणी वाढण्याबद्दल लिहिलं. वाढणाऱ्याने माणसांच्या तोंडाकडे बघायचं नसतं, पेल्यांकडे बघायचं असतं, हे तिला आजोबांनी शिकवलं होतं. तोच निबंध पाठवला. निवड त्याच्यामुळे झाली की नाही देव जाणे, पण पुढचे पाच महिने तिने तेच केलं.

दिवस पहाटे पाचला सुरू होतो. मुलं वेब्स्टर हॉलमध्ये राहतात. कॅपिटॉलपासून, म्हणजे संसद भवनापासून, चालत जाण्याच्या अंतरावरची ही इमारत, १९९५ पासून पेजांचं वसतिगृह. मुलांचा मजला वेगळा, मुलींचा वेगळा, आणि तळघरात शाळा. सव्वासहाला पहिला तास. गणित, विज्ञान, इंग्रजी, सामाजिक शास्त्रं. सिनेट भरायच्या तासभर आधी शाळा सुटते आणि निळे सूट घातलेली ही पोरं कामावर निघतात. आमच्या मुलीच्या नेहमीच्या शाळेतला एक विषय तिथे नव्हता. तो नंतर उन्हाळ्यात भरून काढताना आमची पुरती दमछाक झाली. जाण्याआधी शाळेकडून विषयांचं लेखी ठरवून घ्या, नुसत्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

सभागृहातलं काम ऐकायला किरकोळ वाटतं. सकाळी शंभर सिनेटरांच्या डेस्कांवर त्या दिवसाची कागदपत्रं लावायची. मग अध्यक्षांच्या आसनासमोरच्या पायऱ्यांवर बसायचं आणि लक्ष ठेवायचं. सिनेटर भाषणाला उभा राहणार असेल तर त्याच्या डेस्कावर भाषणाचे कागद ठेवायचं छोटं लाकडी व्यासपीठ नेऊन ठेवायचं, शेजारी पाण्याचा ग्लास. कुणाला बर्फ चालतो, कुणाला नाही, कुणाला बुडबुड्यांचं पाणी लागतं. शंभर चेहरे, शंभर नावं आणि शंभर आवडी आठवड्याभरात तोंडपाठ हव्यात. आम्ही निघण्यापूर्वी फोटोंचे पत्ते करून जेवणाच्या टेबलावर रोज ओळखायला लावले, त्याचा फार उपयोग झाला.

त्या लाकडी व्यासपीठाबद्दल ती तासभर बोलू शकते. ते जड असतं. डेस्क महोगनीची, त्यातली काही १८१९ सालची. ठेवताना आवाज होता कामा नये, ओरखडा उठता कामा नये, आणि दुसरं कुणी बोलत असेल तर त्याच्या समोरून जायचं नाही. घरी सुट्टीत आली तेव्हा तिने पोळपाट घेऊन आम्हाला करून दाखवलं. आधी पुढची कड अलगद टेकवायची, मग मागची सोडायची. पोळपाट टेबलावर टेकला तरी खरंच काही ऐकू आलं नाही.

सिनेटमध्ये मतदानाला बटणं नाहीत. कारकून एकेक नाव पुकारतो आणि सिनेटर तोंडाने किंवा हाताच्या खुणेने मत देतात. अर्थसंकल्पाच्या वेळी दुरुस्त्यांवर रात्रभर अशी मतदानं चालतात, त्याला तिथे 'व्होट-अ-रामा' म्हणतात. अशा एका रात्रीनंतर तिचा फोन आला. आवाज पार बसलेला. मी घाबरले, पण ती खुशीत होती. दुरुस्तीचा कागद तिने स्वतःच्या हाताने टेबलापर्यंत नेला होता, आणि दहा मिनिटांत त्यावर मतं पडायला लागली होती.

फोन म्हणजे खोलीतला लँडलाइन. मोबाइल जवळ ठेवता येत नाही. मुलांना ते चार दिवसांत जमतं, आईबापांना नाही. रोज रात्री फोनची वाट बघत बसू नका, सिनेट कधी उठेल ते कुणालाच ठाऊक नसतं. मी पत्रं लिहायला लागले, मराठीत. तिचं मराठी वाचन त्या पाच महिन्यांत सुधारलं तितकं रविवारच्या शाळेत कधी सुधारलं नव्हतं.

सामानाचं एकच सांगते: बूट. आम्ही हौसेने नवे कोरे काळे बूट घेऊन दिले आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या दोन्ही टाचा सोलल्या. संगमरवरी जिन्यांवर दिवसभर वरखाली असते. महिनाभर घरात वापरून मऊ झालेले बूट द्या. कामाचा पगार मिळतो, त्यातून राहण्याजेवणाचे पैसे कापून घेतात, तेव्हा खर्चाची फार धास्ती नको. मूल राजकारणात हुशार नसलं तरी चालेल. पण ज्याला पहाटे तीन हाका मारून उठवावं लागतं, त्याला पाठवण्याआधी खरंच विचार करा.

आईने शेवटी सिनेटचं थेट प्रक्षेपण लावायला शिकून घेतलं. फेब्रुवारीतल्या एका दुपारी पडद्याच्या कडेला नात दिसली, चारेक सेकंद. ग्लास ठेवला, मागे सरकली, गेली. पुण्यात तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. आईने लगेच मला फोन केला आणि म्हणाली, "उजव्या हाताने ठेवला हो तिने."